दिवेलागणीला लागणारी कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. कासारवाडीच्या सोनबा लोहाराने मला दाराला बसवलं, तेव्हाच तो म्हणाला होता, "पाद्रीबाबा, येवढी जाड कडी कशापायी? आत माणूस पडलं, तर भायेरनं काढायचं कसं?" मी मनात हसले. मित्रांनो, नव्या लोखंडाला स्वतःच्या ताकदीपलीकडचं काही दिसत नाही.

त्या दारामागच्या खोलीत फादर तोमास राहत. पिंपरीला तेव्हा मोठा कारखाना उभा राहत होता. गोव्या-वसईकडून आलेल्या ख्रिस्ती कामगारांसाठी ते प्रार्थना घेत. दिवसभर दार सताड उघडं. पण दिवेलागण झाली, की ते मला घट्ट लावून घेत. आणि तीच तर लक्ष्मी घरात यायची वेळ! साऱ्या आळीची दारं उघडी, आमचंच तेवढं बंद.

"आत करतो काय ह्यो गोरा?" घरमालक अर्जुनराव ओट्यावरून म्हणत. "तिकडं गोव्यात सत्याग्रह चाललाय. पोर्तुगिजांचा हेर असंल."

"व्हय तर! हेर असता, तर कांदा मागाया माझ्या दारी आला असता?" शेजारची दुर्गाबाई म्हणे. तिची तान्ही लेक कायम कडेवर.

मला मात्र बाहेरच्या सगळ्यांचाच संशय येई. दाराशी पावलं थांबली, की फादर भिंतीला चिकटून उभे राहत आणि मीही अंग आवळून बसे.

एकदा दुपारी दुर्गाबाईने सरळच विचारलं, दिवेलागणीला दार का लावता म्हणून. फादर मोडक्या मराठीत म्हणाले, "माझ्या देशात, स्पेनमध्ये, भाऊ भावाला मारत होता. पाद्री दिसला की गोळी. संध्याकाळी कोणी दार ठोकलं. माझा सोबती उघडायला गेला. मी लपलो. तो परत नाही आला."

त्या भादव्यात फादरांना ताप भरला. सकाळी दार उघडलं नाही. "दार लावून बसायची त्याला सवयच हाय," म्हणत लोक पुढे गेले. दिवेलागणीला अर्जुनरावांनाच राहवेना. दोन गडी घेऊन आले आणि दार धडाधड ठोकू लागले. आत फादर खाटेखाली सरकले.

"पहार आणा रं!"

दार मोडलं असतं, तर त्या धसक्यानेच ते गेले असते. मला सगळं कळत होतं. आपणहून सरकता तेवढं येत नव्हतं.

तेवढ्यात दुर्गाबाई धावत आली. "ठोकू नगा! मागं व्हा समदे." ती उंबऱ्यावर बसली. "बाबा, मी दुर्गा. लेक हाय संगं. ऐका, रडतीया."

ती पोरीला पदराखाली घेऊन तिथेच बसून राहिली. मधूनमधून एवढंच म्हणे, "मी दुर्गा हाय, बाबा."

शेवटी तापलेली बोटं माझ्यावर टेकली. मी सरकले.

सोनबाने बैलगाडी जुंपली, फादरांना दवाखान्यात नेलं. ते वाचले.

पुढे ते कुरुळीला राहायला गेले. तिथली कडी नवी आहे म्हणे. नव्या लोखंडावर माझा भरवसा नाही. मित्रांनो, कोणी तिकडे गेलात, तर दिवेलागणीला त्यांच्या दाराशी जरा थांबा. ठोकू नका. आधी आपलं नाव सांगा, आणि आतून आवाज येईपर्यंत हलू नका.