वैशाखातही पांघरलेली घोंगडी

मी एक जुनी काळी घोंगडी, मित्रांनो. हात लावाल तर अजूनही टोचेन, आधीच सांगून ठेवते. मेंढरांसोबत माळावर प्यालेला वारा अजून माझ्या स्वप्नात येतो. मागावरून उतरले ती थेट गडमुडशिंगीला, विजयसिंहच्या घरी आले.

विजयसिंह तालमीतला गडी. पूर्वी ऐन थंडीतही मला लाथेनं बाजूला सारायचा. लग्नानंतर मात्र काय झालं कोण जाणे, भर वैशाखात मला गळ्यापर्यंत ओढू लागला. अंग जड, बोलणं संथ, डोळ्यांवर सदा झापड. वाटे, आम्ही दोघं धुक्यातून चाललोय. पण पैलवानाचं घर ते! वजन वाढलं की आई बायडाबाई खूश. खुराक अंगी लागला म्हणून दुधाचा तांब्या आणखी भरायच्या.

पाळणा मात्र हलेना. बोल लागले ते सुनेला, अनुजाला. दवाखाने तिनंच केले, उपासही तिनंच धरले. शेवटी बायडाबाई मुलासाठी दुसरी सोयरीक बघू लागल्या. त्या दिवशी अनुजा माझ्यात तोंड खुपसून रडली. तिला टोचू नये म्हणून मी अंग चोरलं.

मग ती हट्टानं नवऱ्यालाच डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाहेर डांबर वितळत होतं आणि हा पठ्ठ्या पंख्याखाली मला लपेटून बसलेला. डॉक्टरांनी ते पाहिलं, त्याची मान चाचपली, रक्त तपासायला सांगितलं.

"मी पैलवान हाय. मला काय झालंय?" तो म्हणाला.

थायरॉईड मंदावली होती. गळ्यातली ही एवढीशी ग्रंथी सुस्तावली की अंगातली ऊब तर जातेच, पुरुषाचे हार्मोनही घटू शकतात, बीज कमी आणि मंद होऊ शकतं, असं डॉक्टरांनी समजावलं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, अधूनमधून रक्त तपासायचं. बहुतेकदा सुधारतं, पण धीर हवा. घरी येऊन त्यानं आईला सगळं सांगितलं. सोयरीक तिथंच थांबली.

थंडी आली तरी मी पायाशीच पडून. तो पहाटे तालमीला जाऊ लागला. एकदा शेजारीण दारात येऊन सुनेबद्दल खोचक बोलली. बायडाबाई शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "औषध आमच्या पोराला चालू हाय. सुनंला काय बी झालेलं न्हाय."

आत अनुजा माझी घडी घालत होती. तिचे हात थांबले.

आता मी माळ्यावर कडुलिंबाच्या पाल्यात निजते. पाळण्याची वाट सगळेच बघतायत. मला कुणी विचारत नाही याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? तरी मित्रांनो, एक ऐका. भर उन्हात कुणी गडी घोंगडी मागू लागला तर खुशाल द्या, पण त्याला दवाखान्यातही न्या. आणि त्याच्या बायकोला बोल लावायच्या आधी न्या.