ओले खांदे

कौलाच्या दिवशी सकाळी खारवणातल्या प्रत्येक माणसाला आपल्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी चिकटलेली आढळली. तगरीची, पांढरी, ओली. उजव्या खांद्यावरची पडली तर खारवण संघातून वेगळं व्हावं असं त्या माणसाचं मत, आणि डाव्यावरची पडली तर संघातच राहावं असं. देवळातली रीत हीच होती. गुरव देवाच्या ओल्या पाषाणावर दोन बाजूंना पाकळ्या लावायचा, आणि जी आधी पडेल ती देवाची मर्जी. या खेपेला पाकळ्या देवाऐवजी माणसांवर लागल्या, तर त्याचंही कुणाला फारसं नवल वाटलं नाही. देवानं अंग काढून घेतलं, शहाणा आहे, असं म्हणून लोक चहाला बसले.

खारवण म्हणजे केवढंसं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि खाडीवर एकच पूल. पुलापलीकडे संघ. संघाच्या नकाशात खारवणचं नाव घालायचं तर ते समुद्रात छापावं लागे, जमिनीवर मावत नसे. द्वारकाची खानावळ बंदराशेजारी होती. तिचा नवरा सगुण त्याच खानावळीच्या पडवीत बसून आयुष्यभर वेगळ्या खारवणाबद्दल बोलत आला होता. तो बोलायचा फार सुरेख. त्याचं ऐकायला लोक माशाचं ताट मागवून बसायचे, त्यामुळे चळवळीचं आणि खानावळीचं एकदमच बरं चाललं होतं.

सगुणची उजवी पाकळी चूळ भरतानाच पडली. तो हसला. त्याच क्षणी खाडीकडून पिठाचा गोळा ताणल्यासारखा मऊ आवाज आला. द्वारकाने चुलीपुढून मान वर करून खिडकीतून पाहिलं तर पूल थोडा लांबला होता आणि पलीकडचा काठ तेवढाच मागे सरकला होता.

"पूल वाढलो," ती म्हणाली.

"वाढूंदे," सगुण म्हणाला. "उद्या आपलो आपण बांधू."

मग शेजारच्या सुलूवैनीची डावी पाकळी पडली. तिचे दोन्ही मुलगे संघात नोकरीला, सुना तिकडच्याच. तिची डावी पडणार हे पाकळीला विचारायचीही गरज नव्हती. इकडे सगुण पेजेत घालायला मीठ मागायला गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मीठ समोर होतं, पण त्याला म्हणायचं काय ते त्याच्यापाशी नव्हतं. द्वारकापाशीही नव्हतं. थोड्या वेळानं दोघांच्याही तोंडून संघाच्या भाषेतला शब्द आला, स्वच्छ, दुकानातून नवा आणल्यासारखा. सगुणने पेज अळणीच खाल्ली.

दुपार होईतो सगळ्यांना हिशेब कळून चुकला. उजवी पडली की पूल एक वीतभर लांबतो आणि तेवढाच बारीक होतो. डावी पडली की खारवणच्या बोलीतला एक शब्द सबंध खारवणच्या तोंडातून जातो. उजवीवाले म्हणाले, पूल गेला तर होड्या आहेत. डावीवाले म्हणाले, मीठ कुठल्याही शब्दानं मागितलं तरी खारटच लागतं. दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं, आणि सगुण सोडला तर कुणाच्याच घरातलं कुणी त्या पुलावर नव्हतं.

पुलावर होती मालन. द्वारकाची एकुलती एक, संघात दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून खरं तर तिला सातव्यातच आणायची. पण सगुण कौलाच्या धामधुमीत होता. आज आणू, उद्या आणू करत त्यानं नववा उजाडू दिला. शेवटी गाड्या बंद झाल्याचं ऐकून ती एकटीच पायी निघाली होती. तिच्या खांद्यांवर पाकळ्या नव्हत्या. ती सासरची झाली, तिला कौल नाही, असं रवळू गुरवानं आधीच सांगून ठेवलं होतं.

द्वारकाला ती पुलाच्या पार दुसऱ्या टोकाला दिसली, पिवळ्या लुगड्यात. ती चालत होती आणि चालता चालता लहान होत होती. द्वारका पदर खोचून धावत सुटली. पुलावर चढली, धाप लागेस्तोवर चालली, आणि बाजूला पाहिलं तर पुलाचा पहिला खांब अजून तिच्या शेजारीच होता. कौल दिल्याशिवाय खारवणच्या माणसाचा पाय पुढे ठरत नव्हता. ज्यांनी कौल दिला होता त्यांना तिनं हातापाया पडून सांगितलं, जा रे कुणीतरी, पोरीला घेऊन या. उजवीवाल्यांना, त्यात सगुणलाही, संघाकडे चालत जायचं नव्हतं, आणि डावीवाल्यांना अशा बारीक पुलावर चढायची भीती वाटत होती.

ती तिथेच उभी असताना तिला खांद्यांवर ऊन लागलं. उजवीकडची पाकळी कडेनं सुटू लागली होती. डावीचीही एक कड उचलली होती. तिला वेगळं खारवण नको होतं असं नाही. सगुणचं बोलणं ऐकतच ती म्हातारी होत आली होती, आणि त्या बोलण्यातला एक शब्दही जावा असं तिला वाटत नव्हतं. पण तिची एक पाकळी म्हणजे मालनच्या पायाखालचा आणखी एक वीतभर रस्ता. ती घरी पळाली आणि तिनं हंड्यातून तांब्या भरून आधी उजव्या खांद्यावर ओतला, मग डाव्या. पाकळ्या पुन्हा चपखल बसल्या.

हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही, खांदा उडवायचा नाही, एवढेच नियम होते. पाणी घालू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. देवाच्या पाषाणावर तर गुरव स्वतःच पाणी घालतो.

तिसऱ्या प्रहरी रवळू गुरव खानावळीत आला. देवळात त्यानं भाताचा मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात उजव्या पाकळ्या, दुसऱ्यात डाव्या. काटा मध्ये होता आणि हलत नव्हता.

"सगळ्यांची पडली," रवळू म्हणाला. "तुझी तेवढी ऱ्हवली, द्वारके."

"सुकली नाय अजून."

"तू सुकाक देतंस खंय? पाणी कित्याक घालतंस?"

"उकाडो जाता."

त्याच्या मागून माणसं आत आली. जितकी माणसं येत होती तितकी खोली आखडत होती. आधी बाकं भिंतीला लागली, मग भिंती बाकांना लागल्या. छप्पर इतकं खाली आलं की उंच माणसं माना वाकवून उभी राहिली आणि त्यामुळे सगळे तिच्या खांद्यांकडेच बघू लागले. कुणी ओरडलं नाही. खारवणची माणसं तशी मायाळू. लग्नात, मयतात याच खोलीत बसून जेवलेली. द्वारकाला त्यांचा श्वास मानेवर लागत होता, आणि त्या श्वासानंसुद्धा पाकळ्या सुकत होत्या.

"सगळो देश तुझ्या दोन खांद्यांपायी अडान ऱ्हवलोहा," रवळू म्हणाला.

"उजवी पडली तर काय होतला?"

"शेवटची ती. पूल तुटतलो."

"आणि डावी?"

रवळूनं सगुणकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. "मगे आपल्या बोलण्यातला काय एक उरूचा नाय. सगळा जातला."

सुलूवैनी गर्दीतून पुढे सरकली. तिच्या हातात द्वारकाचाच तांब्या होता, रिकामा. "द्वारके, डावी पडूंदे गो. मालन घराक येतली. बोलाचा काय, दोन दिसांत सवय होता."

"तुमका झाली?"

"माका झाली," सुलूवैनी म्हणाली, पण तिला आपल्या नातवाला काय म्हणून हाक मारायची ते सकाळपासून आठवत नव्हतं, आणि हे तिनं मघाशी द्वारकालाच रडत रडत सांगितलं होतं.

द्वारकाने हंड्याकडे पाहिलं. हंडा कुणीतरी परसात पालथा घातला होता. विहिरीवर फळ्या टाकून त्यावर सहा गडी बसले होते, तिघं उजवीवाले, तिघं डावीवाले. आयुष्यात पहिल्यांदा ते एका कामाला एकत्र आले होते. चहाची किटलीसुद्धा बाहेर नेली होती. तिनं पदराचं टोक चोखून खांद्यावर दाबलं, तर तेही कोरडं पडत आलं होतं. मग ती रडली, आणि रडताना मान एकदा इकडे एकदा तिकडे कलती करून ते पाणी दोन्हीकडे पोचवू लागली. बायामाणसांनी तोंडं फिरवली.

सगुण तिच्यापुढे येऊन बसला. तो सकाळपेक्षा बारीक दिसत होता. ज्या तोंडातून लोकांनी ताटं संपेस्तोवर भाषणं ऐकली, त्या तोंडात आता जेमतेम घरापुरते शब्द होते.

"द्वारके," तो म्हणाला, "आपला..." आणि थांबला. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "आपला ता..."

तिला कळलं तो काय शोधतोय. मालन जन्मली तेव्हा सुईणीनं दारातून जो शब्द सांगितला, जो त्यानं मग सगळ्या बंदरावर नाचत सांगितला होता, तो शब्द दुपारी कुणाच्या तरी डाव्या खांद्यावरून पडून गेला होता. सगुणनं तिसऱ्यांदा प्रयत्न केला, आणि त्याच्या तोंडून संघाचा शब्द आला, स्वच्छ आणि नवा. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"तुमका काय होया?" द्वारकाने विचारलं. "एकदा सांगा. मी तीच पाडतंय."

तिला खरंच वाटत होतं की त्यानं सांगावं. आयुष्यभर तोच सांगत आला होता. सगुणनं तिच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं, मग डाव्या. मग तो उठला, गर्दीला दोन्ही हातांनी बाजूला सारत त्यानं मागच्या दारापर्यंत चिंचोळी वाट केली, आणि दार उघडून धरलं. पलीकडे खाडी होती.

द्वारका त्या वाटेनं बाहेर पडली ती थेट पाण्यात शिरली. गळ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला. पाकळ्या पाण्याखाली दोन्ही खांद्यांना घट्ट होत्या. काठावर सगळं खारवण येऊन उभं राहिलं. कुणी पाण्यात उतरलं नाही. रवळू गुरव तेवढा वाळूवर उकिडवा बसला आणि पाण्याच्या रेषेकडे बघू लागला. ओहोटी लागली होती.

पाणी खांद्यापाशी आलं की ती दोन पावलं पुढे जायची. पुन्हा उतरलं की पुन्हा पुढे. असं करत ती खाडीच्या मध्यावर आली. काठावरची माणसंही ओल्या वाळूवरून तिच्या मागोमाग पुढे सरकत होती, अंतर राखून, चिखलात चपला रुतवत. सगुण सगळ्यांच्या पुढे होता. आणखी पुढे जायला आता पाणी नव्हतं. पलीकडून संघाची जमीन चढत आली होती आणि तिथेही माणसं उभी होती, कोरडी, कपड्यांवरून अनोळखी. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. कुणीतरी काहीतरी बुडतंय असं समजून ती बघायला आली होती.

पूल तिच्या डोक्यावर होता. ताणून ताणून तो फळीएवढा उरला होता आणि मध्यावर ओल्या कपड्यांच्या दोरीसारखा पाण्याकडे झुकला होता. त्या झुकलेल्या ठिकाणी मालन बसली होती. तिला पुढेही जाता येत नव्हतं, मागेही. दोन्ही हातांनी तिनं फळी धरली होती आणि तिच्या पायांवरून पाणी ओघळून खाडीत पडत होतं.

"आये," ती म्हणाली.

"मी हयसर असंय."

"पोटात कळो येतत. माका आता धरूक जमाचा नाय."

"सोडू नको. वायच थांब."

"थांबाक होयत नाय गो."

पाणी द्वारकाच्या काखेपर्यंत उतरलं होतं. खांदे उघडे पडले होते आणि त्यांच्यावर उतरतं ऊन होतं. तिनं गुडघे वाकवून पुन्हा बुडायला पाहिलं, पण वाकलं की मालनचे पाय हाताला लागत नव्हते. ती सरळ उभी राहिली. उजवी पाकळी कडेनं सुटलेली तिला जाणवली, आणि डावीही. सगुणनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं आणि ते तसंच उघडं होतं.

वर मालनचा एक हात फळीवरून सुटला, मग दुसरा.

द्वारकाने दोन्ही हात वर केले.