तळहाताची फिर्याद

शरणम्माच्या डाव्या तळहातावर गळू झालं, डॉक्टरांनी ते कापलं, आणि जखम भरली तेव्हा मधली दोन बोटं आत वळली ती वळलीच. भाकरी कशीबशी थापता येत होती. पण लिंगायताच्या घरची बाई. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि हातच सपाट होईना. म्हणून नवऱ्याला, वीरप्पाला, घेऊन ती मुरुमहून उमरग्याला दत्तोपंत वकिलांकडं आली. डॉक्टरवर फिर्याद लावायची होती.

"नुकसान काय झालं?" वकिलांनी विचारलं.

"पूजा."

"ती कोर्टाला कशी दाखवू? कामधंदा बुडाला असं काही?"

"दुकान हाय आमचं," वीरप्पा म्हणाला. "तिथं हिचं तोंड चालतं, हात न्हाय."

शरणम्मानं त्याला कोपरानं ढोसलं.

"बरं, पट्टी सोडताना डॉक्टर काय म्हणाले होते?"

"कोमट पाण्यात रोज मूठ उघडा, मिटा."

"उघडली?"

"कशी उघडू? हात दुखायचा, म्हणून लिंग मुठीवरच ठेवत होते. सैल सोडली की डळमळायचं. दोन महिने घट्ट आवळून धरली."

वकिलांना आलेलं हसू त्यांनी खोकल्यात घालवलं. "हे कोर्टात बोलू नका. डॉक्टरांची सुरी चुकलीही असेल, दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घेऊ. मात्र बोटं सरळ करायची खटपट आता नको. न्यायाधीशांना हात असाच दिसला पाहिजे."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. तीनही लागतील."

"आन् खटपट केली तर सुटतील?"

"थोडी सुटतीलही. मी वकील आहे, बाई."

शरणम्मानं पुढ्यातला वकालतनामा हळूच मागं सारला. "तुमचे न्यायाधीश तीन वर्षांनी हात बघणार. माझा देव रोज सकाळी बघतो."

"मग डॉक्टरला मोकळा सोडायचा?" वीरप्पानं विचारलं.

"सोडते कुठं? रोज त्याच्याच दवाखान्यात जाऊन बसणार. हात माझा वाकडा झाला, आता सरळ करून द्या म्हणणार. चार पेशंटांसमोर."

"ही शिक्षा कुठल्याच कलमात बसत नाही," दत्तोपंत म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला.

रोज दवाखान्यात जाऊन बोटं सोडवून घेता घेता श्रावणातल्या एका सोमवारी लिंग तळहातावर बसलं. किंचित कललेलं होतं. तिनं तसंच बेलपान वाहिलं, प्रसादाचं केळं घेतलं आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या बायकोच्या हातावर ठेवलं. डॉक्टर तिचा आवाज ऐकून आतच बसले होते.