अडखळता चेंडू

माझे सासरे, मोर्शीचे नत्थुजी, ज्यांना मी मामाजी म्हणते, लॅपटॉपवरच्या क्रिकेटमध्ये असे तरबेज की त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मी उपकार करायला गेले, तो एक दिवस सोडून.

त्यांच्या लॅपटॉपवर चेंडू अडखळायचा. गोलंदाजानं टाकला की निम्म्या पिचवर येऊन थबकायचा. तेवढ्यात मामाजी चष्मा वर सारून बटण दाबायचे, की षटकार! रविवारी माझे बाबा अकोल्याहून येणार होते आणि दोघा इवायांची, म्हणजे व्याह्यांची, पैज लागली होती. हरेल त्यानं बागेत बसून सगळ्यांसाठी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायचे. बाबांसमोर असला अडखळता चेंडू मला लाजिरवाणा वाटला. माहेरचा लॅपटॉप मीच नीट ठेवायचे. शनिवारी ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र पळवणारं सॉफ्टवेअर, टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि चेंडू सुसाट सुटला.

मामाजी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत. पुन्हा खेळले, पुन्हा तेच.

"काय करून ठेवलं वं याले? चेंडू दिसूनच नाही राह्यला!"

"आता बराबर येऊन राह्यला, मामाजी. आधी बिघडेल होता."

"बिघडेल होता तं मले काहून नाही समजलं?" मग त्यांचा आवाज खाली गेला. "समजलं. बापासाठी केलं तू."

अस्सा राग आला मला! या माणसाच्या गोळ्या मी आठवणीनं देते, सासूबाईंची नजर चुकवून चहात साखर घालते, आणि मीच माहेरची हेर? नाचता येईना अंगण वाकडं, असं ऐकवणारच होते. पण इथं अंगण वाकडं होतं म्हणूनच माणूस नाचत होता, आणि ते सरळ मीच केलं होतं.

मामाजी जेवले नाहीत. रोडग्यांचं त्यांना काही नव्हतं. इवायासमोर भोपळाही फुटला नाही तर काय, ही धास्ती होती. इकडे बाबा, तिकडे मामाजी; मला इकडे आड, तिकडे विहीर. रविवारी बाबांची एसटी यायच्या आधी मी गुपचूप जुना ड्रायव्हर परत बसवला.

बाबांनी सवयीप्रमाणे चेंडू निघताच बॅट फिरवली. बॅट फिरून खाली आली तेव्हा चेंडू निम्म्या पिचवर उभा होता. मग तो निवांत येऊन यष्ट्यांवर आदळला. सगळे गडी असेच गेले. मामाजींनी षटकारांची माळ लावली आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बागेत गोवऱ्या पेटवून बाबा रोडगे भाजायला बसले. मी कणीक घेऊन गेले.

"अकोल्याले चेंडू अडखळला की तूच नवा ड्रायव्हर टाकत होती न? इथं काहून नाही टाकला?"

मी कणकेचा गोळा वळत राहिले.

"टाकून काढला काय?"

मी मान डोलावली. बाबा हसले आणि त्यांनी डोळे पुसले. धूर तर माझ्याकडे येत होता.

"तुह्या पाठवणीले मी रडलो नव्हतो. म्हटलं, जाते कुठं, पोरगी आपलीच हाये."

मला रडूच फुटलं. तेवढ्यात मामाजी आले आणि बाबांच्या शेजारी उकिडवे बसले.

"सरका इवाई, अर्धे मी भाजतो. मॅच मी नाही जिकली, माह्या सुनेनं जिकली."

"सून मंग झाली. आधी पोरगी माही हाये."

"असंन! पण आता घर कोनतं तिचं?"

दोघं त्यावरून भांडत बसले आणि रोडगे करपले. ते करपलेले रोडगे मी पोटभर खाल्ले.