डाव्या गालातलं पाणी

शेवंती पाणी गिळत नव्हती. फ्रीजमधली बाटली तोंडाला लावायची, घोटभर घ्यायची आणि गाल फुगवून तशीच बसायची. पाणी कोमट झालं की ओठाच्या कोपऱ्यातून ओघळू द्यायची आणि पुन्हा बाटलीकडे हात करायची. दिवसाला चार गाऊन धुवावे लागत. दीड महिना हे सोसल्यावर तिच्या नवऱ्याने, दत्तारामने, बाटली उचलून कपाटावर ठेवून दिली.

"तू ल्हान पोर आसस काय गो?"

पाच वर्षांपासून शेवंतीचं विसरणं वाढत चाललं होतं. आता नवऱ्याचं नावही तिला सापडत नसे. पण जेवण कधी सुटलं नव्हतं. आता दत्तारामने गरम गरम भरवलेली पेज ती पहिल्या घासालाच थुंकत होती. नऊ किलो वजन उतरलं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर असंच चाललं तर नाकातून नळी घालू.

नळी दत्तारामने पाहिलेली होती. शेजारच्या अंबादासला घातली, तेव्हा त्याने ती उपसू नये म्हणून त्याचे हात पलंगाला बांधून ठेवले होते. तीन महिने, मरेपर्यंत.

"एकदा दात दाखवू या," मुलगी अक्षता म्हणाली, आणि दहिसरहून रिक्षा करून तिघं बोरिवलीला डॉक्टर इरावतींकडे आली.

तिथलं यंत्र डोक्याभोवती सावकाश एक फेरी मारायचं आणि आख्खा जबडा पडद्यावर उभा करायचा. तो हवा तसा फिरवता येई, हवा तिथे कापून आत बघता येई. इरावतींनी उजवीकडच्या खालच्या दाढेवर बोट ठेवलं. मुळाच्या टोकाशी हाडात वाटाण्याएवढी काळी पोकळी होती.

"हा जुना संसर्ग. डावीकडच्या या दाढेत चांदी भरलीय, खोलवर. पण मुळाशी काही दिसत नाही."

"मग उजवीचीच करा ना," अक्षता म्हणाली.

"बहुतेक तीच असेल. पण जुनी पोकळी कित्येकदा दुखत नाही. आणि दाढेच्या आतली नस नुकती सडायला लागली, तर ती जीव काढते, फोटोत मात्र दिसत नाही. एरवी मी पेशंटलाच विचारते."

तिघांनी शेवंतीकडे पाहिलं. ती इरावतींना न्याहाळत होती.

"तुझा सासर खंयचा गो?"

"मुलुंडचं, मावशी."

"मगे इतक्या लांब कित्या इलंस?"

इरावती हसल्या. आरशाच्या दांड्याने त्यांनी एकेक दाढ ठोकली. दुखतंय? हो. नाही ना दुखत? हो. सगळ्यालाच हो.

"यांना एवढा वेळ एका जागी बसवणं एकदाच जमेल," त्या म्हणाल्या. "चुकीची दाढ उघडली तर दुखणं तसंच राहील. काका, घरी काही पाहिलंत का? गरमाने ओरडतात? गार पाणी तोंडात धरून बसतात? अशा दाढेला तेवढ्यापुरतं बरं वाटतं त्याने."

"नाही," दत्ताराम म्हणाला.

तोंडातून गेलं ते गेलं. अक्षताने मान डोलावली. ती सासरी राहायची, तिला काय माहीत. इरावतींनी हातमोजे चढवले. मदतनीस बाईने इंजेक्शन भरलं.

दत्ताराम सोळा वर्षं कापडगिरणीच्या साचेखात्यात, मागांवर होता. यंत्रांच्या आवाजात शेजारच्याची हाक ऐकू येत नसे. पाणी हवंय, धागा तुटला, मुकादम येतोय, सगळं हाताच्या नि तोंडाच्या खुणांनी. चार साचे पलीकडून कोण काय म्हणतोय ते त्याला कळायचं. शेवंतीचा फुगलेला गाल मात्र त्याने वाचला नव्हता.

"थांबा, डॉक्टर."

इंजेक्शन हवेत थांबलं.

"पाणी धरते ती. दोन महिने झाले. मी बाटली काढून घेतली." त्याने घसा खाकरला. "डाव्या गालात धरते."

"डाव्याच? नक्की?"

"मागच्या सोमवारी पेज थुंकली माझ्यावर. मी एक थोबाडीत दिली. डाव्या गालावर. अशी ओरडली... पोरांच्या वेळीसुद्धा अशी ओरडली नव्हती."

अक्षताने बापाकडे पाहिलं नाही. आईच्या गाऊनचं निसटलेलं बटण लावत राहिली.

इरावतींनी बर्फाचं पाणी मागवलं. उजव्या दाढेवर सोडलं तेव्हा शेवंतीला काही वाटलं नाही. डावीवर सोडलं आणि तिच्या कपाळाच्या आठ्या एकेक करून उतरल्या. तिने डोळे मिटून घेतले.

"डावी," इरावती हळूच म्हणाल्या.

भूल दिली. दाढेभोवती निळा रबरी पडदा ताणला. सूक्ष्मदर्शकाखाली दाढेच्या मुळातली चौथी पोकळ वाट सापडली, नुसत्या डोळ्यांनी दिसली नसती एवढी बारीक. सुई मुळाच्या टोकाकडे सरकली की यंत्राची टिकटिक जलद व्हायची, आणि त्या बरोबर तिथेच थांबायच्या. तासभर हे चाललं. दत्ताराम खुर्चीच्या पायथ्याशी बसून शेवंतीचं पाऊल धरून होता. ती घोरत होती. कित्येक आठवड्यांत एवढी गाढ झोपली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने वाटीभर पेज खाल्ली. पाचव्या दिवशी भात. नाकातल्या नळीचं आता नाव निघालं नाही.

पण घास अक्षताच्या हातचा. ती सकाळ-संध्याकाळ येऊ लागली होती. दत्तारामने चमचा पुढे केला की शेवंतीचा हात डाव्या गालावर जायचा आणि मान भिंतीकडे वळायची. दाढ दुखत नव्हती. इरावतींनी पुन्हा तपासून सांगितलं होतं.

"तिच्या लक्षात काही राहत नाही ना?" त्याने अक्षताला विचारलं.

अक्षताने वाटी खाली ठेवली. "बाबा, ती जेवेपर्यंत तुम्ही जरा आत थांबता?"

तो स्वयंपाकघरात गेला. स्टुलावर चढून कपाटावरची बाटली काढली, विसळली, भरली, फ्रीजमध्ये ठेवली. अक्षता गेल्यावर ती गार बाटली घेऊन बाहेर आला. जवळ गेला नाही. हात पोहोचेल एवढ्या अंतरावर पलंगावर ठेवली आणि मागे सरून उभा राहिला.

शेवंतीने बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बाटली उचलली. प्यायली नाही. त्याची नजर दुसरीकडे जाईपर्यंत थांबली, आणि गाऊनखाली लपवली.