कठड्यावरची घडी

मी पायपुसणी बोलतेय. दाराबाहेर पडलेली, गोल, अकरा रंगांची. माझ्याकडे कोणी बघत नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. माणसं तोंडानं काहीही सांगोत, पाय खोटं बोलत नाहीत. दूधवाला घाईत आहे, शेजारीण नुसती डोकवायला आली आहे, सासूबाईंचा डावा गुडघा आज दुखतोय, हे मला बेल वाजायच्या आत कळतं.

मला जिनं घडवलं ती एका दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटची नावं लिहून घेते. उरलेल्या वेळात तिचे हात स्वस्थ म्हणून बसत नाहीत. घरातला साबण तिनं केलेला, उशांचे अभ्रे तिनं शिवलेले. सकाळी उठून ती पावाचं पीठ मळते, ओल्या फडक्यानं झाकते आणि पळायला जाते. पाच किलोमीटर करून येईस्तोवर पीठ फुगून वर आलेलं असतं. वेगाचं म्हणाल, तर तिच्या गटात तिच्यामागे फक्त पोस्टमनकाका असतात, आणि त्यांनी सत्तरी ओलांडलीय. सासूबाई म्हणतात, "एवढं पळून शेवटी घरीच यायचं, तर जायचं कशाला?"

माझा जन्म एका शर्यतीतला. थंडीच्या दिवसांत पळणारे जुने कपडे वर चढवून सुरुवातीच्या रेषेवर उभे राहतात आणि शिट्टी झाली की ते काढून रस्त्याकडेला भिरकावतात. परत न्यायला कोणी येत नाही. इतरांना तिथे चिंध्या दिसतात, हिला पायपुसण्या दिसतात. स्वतःची शर्यत संपवून ती पिशवी घेऊन तिथे परत गेली. अकरा टी-शर्ट तिनं ढिगातून उचलले.

बारावा ढिगात नव्हता. राखाडी, पूर्ण बाह्यांचा, तो शर्यतीपुरत्या लावलेल्या लोखंडी कठड्यावर नीट घडी घालून ठेवलेला होता. कोपरावर नारिंगी दोऱ्यानं रफू केलेलं, इतकं सुबक की ती बघतच राहिली. मालक येईल म्हणून ती थांबलीही. शेवटी माणसं कठडाच उचलायला आली, तेव्हा तिनं तो पिशवीत टाकला.

घरी सगळ्यांच्या पट्ट्या कापल्या, तिपेडी वेण्या घातल्या, त्या गोल फिरवत शिवल्या आणि मी झाले. रफूचा तुकडा काही तिला कापवेना. तो तिनं माझ्या मधोमध बसवला, भोवती त्याच्याच राखाडी वेण्या.

पहिल्याच आठवड्यात तो आला. ती पळायला गेली होती. जिन्यावर कोणी चढल्याचं मला कळलं नाही, एकदम दोन पाय माझ्यावर उभे राहिले. पळण्याचेच बूट, उजव्या पायावर भार जास्त. दारात आलेला माणूस पाय पुसतो, नाही तर न पुसताच आत जातो. यानं दोन्ही केलं नाही. तो राखाडी वेण्यांवर उभा राहून नुसता धापा टाकत होता. बेल वाजवली नाही. तिची पावलं खाली जिन्याशी आली, तसा माझ्यावरचा भार उतरला.

आणि मग तो रोजच येऊ लागला. एकदा सासूबाईंनी आतून दार उघडलं. जिना रिकामा होता. ती आल्यावर त्यांनी विचारलं, "मघाशी येऊन परत कुठे गेलीस?"

"मी आत्ताच येतेय, आई."

"मग दारात धापा कोण टाकत होतं?"

तिनं मला उचललं. मी मधोमध ओली होते, बाकी सगळी कोरडी. गच्चीत वाळत घातल्यावर त्या जागी मिठाची पांढरी रेघ उठली. तिनं बोट लावून चाटून पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. घाम तिला चांगला ओळखता येतो. एवढं मीठ पाच किलोमीटरात उतरत नाही.

मला धुतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासूबाईंना एकटं सोडून जायचा तिला धीर होईना, म्हणून तिनं पळणं बंद केलं. आठ दिवस ती पीठ मळून दाराला कान लावून बसायची. तो येतच होता. तिनं दाराच्या भिंगातून पाहिलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं, पण माझ्यावर दोन बुटांचे ठसे दबलेले होते आणि ते हळूहळू हलत होते. आत पीठ फुगून भांड्याबाहेर आलं तरी ती जागची उठली नाही.

"जाळून टाक ती पायपुसणी," सासूबाई म्हणाल्या. मी घाबरले, खोटं कशाला सांगू?

त्या रविवारी पोस्टमनकाका चौकशीला आले. पाय पुसता पुसता थांबले, वाकले आणि तिथेच पायरीवर बसले.

"हे रफू तुझ्याकडे कसं आलं?"

तिनं सगळं सांगितलं. काकांनी रफूवर बोट ठेवलं.

"त्या शर्यतीत शेवटच्या वळणावर एक जण पडला ना, तो पुन्हा उठलाच नाही. त्याचं आहे हे. सुरुवातीला माझ्या शेजारीच उभा होता. म्हटलं, फेक की, सगळे फेकताहेत. तर म्हणाला, बायकोनं रफू केलंय, काका. हा टी-शर्ट हरवून गेलो तर ती मला घरात घ्यायची नाही." काका हसायला गेले, पण त्यांना हसता येईना. "तिनं किती दिवस शोधला तो."

सासूबाई दाराशी आल्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे त्याला आपल्याकडे आत यायचंच नाहीये."

"नाही, आई. त्याला त्याच्या घरी जायचंय."

"मग उसव."

उसवताना दुखलं. चार संध्याकाळी ती राखाडी पट्ट्या कडेला कड लावून शिवत होती. टी-शर्ट झाला, पण अंगभर शिवणी घेऊन. रफू तेवढं होतं तसं कोपरावर गेलं.

पुढच्या रविवारी तिनं काकांकडून त्याच्या घरचा पत्ता घेतला, टी-शर्टाची घडी घातली, काखोटीला मारली आणि बूट चढवले. तो माझ्यावर आधीच येऊन उभा होता. दार उघडून ती क्षणभर थांबली, मग अंग चोरून माझ्या कडेनं गेली. ती दोन पायऱ्या उतरली तेव्हा माझ्यावरचा भार उतरला. आणि या वेळी मला जिन्यावरून जाणारी पावलं कळली. एक जोडी तिची, तिच्यामागे दुसरी, उजवा पाय जड.

परत आल्यावर ती स्वयंपाकघरात न जाता दारातच बसली.

"काही बोलली का गं त्याची बायको?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. बाहीत हात घातला, कोपरापर्यंत. मग मला आत बोलावलं. मी आत गेले, आई, तरी ती दार धरून उभीच होती. थोड्या वेळानं बाजूला सरकली. मग तिनं दार लावलं."

त्या दिवसापासून मी कोरडी आहे. माझ्या मधोमध भोक आहे, तिनं ते कडेनं शिवलंय, बुजवलेलं नाही. ती पुन्हा पळायला जाते. सासूबाई माझ्यावर पाय ठेवताना अजून जरा थबकतात.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. भिरकावलेलं खुशाल उचला, त्याचं काहीतरी छान करा. पण कुणी घडी घालून ठेवलेलं दिसलं, तर त्याला हात लावू नका. तो येणार असतो.