बारा चाळीसनंतरचं पाणी

आपली चूक क्षितिजाच्या लक्षात आली तेव्हा बारा वाजून एकतीस मिनिटं झाली होती आणि भरतीरेषा ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष तळेकरसाहेब राई गावच्या बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नेलकटरने नखं कापत होते. उजवा हात आटोपला होता. डाव्याची करंगळी तेवढी राहिली होती. म्हणजे वेळ फारच थोडा होता.

चूक तशी बारीक होती. समितीला पाठवलेल्या पत्रात तिने लिहिलं होतं: वर्षातलं दिवसाचं सर्वांत मोठं उधाण, पूर्ण भरतीची वेळ बारा चाळीस. ही वेळ तिने छापील कोष्टकातून उचलली होती आणि कोष्टक होतं दूर समुद्रकाठच्या अपोलो बंदराचं. बंदरावर भरती पूर्ण होते तेव्हा राईच्या खाडीत पाणी अजून वाटेतच असतं. वळणं, चिखल, तिवरं सगळ्यांची विचारपूस करत आत यायला त्याला आणखी पाऊण तास लागतो. क्षितिजाला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? याच पाऊण तासावर तिला पीएचडी मिळाली होती.

बांधाच्या आतल्या अंगाला कोळीण इंदुबाईंचं खळं होतं. दसरा उलटला की तिथे बांबूंवर बोंबील वाळत पडायचे, इंदुबाईंच्या सासूच्या सासूपासून. कागदावर मात्र ती जमीन बिल्डर अल्पेशच्या कंपनीने कुणाकडून तरी घेतलेली होती. सरकारचा नियम साधा होता. मोठ्या उधाणाचं पाणी जिथवर चढतं तिथे भरतीरेषा मारायची आणि रेषेच्या पाण्याकडे इमारत बांधायची नाही. पाणी बांधाबाहेर राहिलं तर खळ्यावर सात मजले उभे राहणार. बांध ओलांडून आत आलं तर बोंबील राहणार. नकाशा सोमवारी छापायला जाणार होता आणि दिवसाचं एवढं मोठं पाणी आता पुढच्या वर्षीच येणार होतं.

पाणी बांधाखाली हातभर होतं.

"मॅडम, टेन्शन कशाला?" अल्पेश म्हणाला. तो सगळ्यांसाठी गार ताक घेऊन आला होता. "आपण कितने साल बघतोय. इथे पाणी येतच नाय. म्हणून तर साहेबांची गाडी आत लावली, मस्त सावलीत."

साहेबांची पांढरी जीप खळ्याच्या पार आतल्या टोकाला, एकुलत्या एका जुन्या, डेरेदार भेंडीच्या झाडाखाली उभी होती.

क्षितिजाने वेळ काढायला सुरुवात केली. तिने खांबावरची मापपट्टी पुसली. मग तीच मापपट्टी पुन्हा पुसली. तिवरांच्या श्वसनमुळांबद्दल तिने तळेकरांना इतकी सविस्तर माहिती दिली, की ते मधेच एकदा नाकाने जोरात श्वास घेऊन बघते झाले. तरीही घड्याळात बारा एकोणचाळीस झालेच.

"झालं," तळेकरांनी नेलकटर खिशात टाकलं. "घ्या लिहून. बारा चाळीस, पूर्ण भरती, पाणी बांधाच्या बाहेर."

"सर, पाणी अजून चढतंय. पट्टी बघा ना."

"पत्र कुणाचं?"

"माझंच आहे, पण—"

"तज्ज्ञ कोण?"

"मी."

"मग तज्ज्ञांनी बारा चाळीस म्हटलंय. त्यानंतर जे येईल ते पाणी असेल, भरती नव्हे."

एवढ्या शांतपणे समुद्राला कुणी नाकारल्याचं क्षितिजाने कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगावं तर साहेब ते लेखी मागणार, लेखी दिलं की त्याची प्रत तिच्या संशोधन संस्थेच्या संचालकांकडे जाणार, आणि तिचा संस्थेतला करार तीस तारखेला संपत होता. खाडीच्या भरतीची तज्ज्ञ बाई, आणि भरतीचीच वेळ चुकली. असल्या गोष्टी संचालक वर्षानुवर्षं चहासोबत सांगतात.

इंदुबाई बांधावर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "पोरी, येवरी शिकलीस, नि पान्याचा टाइम तुला न्हाय ठावा? मना इचारायचा होता."

तळेकरांनी पंचनामा लिहिला, आपली सही केली. पहिला पंच होता त्यांचाच ड्रायव्हर विठू. विठूने आजवर सतरा पंचनाम्यांवर सही केली होती आणि त्यातले दोन वाचलेही होते. यावेळी त्याने तो त्रास घेतला नाही. सही ठोकली आणि जीपची चावी खिशात टाकून नाक्यावर जेवायला गेला.

दुसरा पंच गावातला हवा होता. तो होता दगडू, चाळीस वर्षं होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, राहिलेला.

"करा सही, आजोबा."

दगडूने कागद गुडघ्यावर ठेवला, पेन कानामागे खोचलं आणि पेंढ्याची एक काडी मोडून बांधाखालच्या पाण्यात सोडली. काडी झपाझप गावाच्या दिशेने निघाली.

"पानी अजून उभा न्हाय राहिला, साहेब."

"म्हणजे?"

"काडी चालते हाय तवर भरती पुरी झाली असा आमी म्हनत न्हाय. होडीवर बी न्हाय, घरात बी न्हाय. काडी उभी राहिली का मंग बोलायचा."

"अहो, सही कागदावर करायचीय, काडीवर नाही!"

"कागद तुमचा हाय. सही माजी हाय."

बारा पन्नास झाले. दगडूने दुसरी काडी सोडली. अल्पेशने त्याला ताक दिलं. दगडूने ते पिऊन टाकलं आणि तिसरी सोडली. एक वाजता पाणी बांधाच्या कडेला टेकलं. एक वाजून सहा मिनिटांनी ते बांधावरून खळ्यात उतरलं, कसला आवाज नाही की घाई नाही.

तळेकर खुर्चीवर उभे राहिले. तिथून त्यांना जीप दिसली.

"विठू!" त्यांनी हाक मारली. पण विठू नाक्यावर होता, चावी विठूच्या खिशात होती आणि दारं बंद होती. अल्पेश पँट वर खोचून धावला, मागून रेटा दिला. हँडब्रेक लावलेली जीप जागची हलली नाही. अल्पेश मात्र हलला आणि चिखलात बसला.

"साहेब, ये तो पूरा अंदर आ गया!"

"काय आत आलं?" क्षितिजाने विचारलं.

अल्पेशने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंचनाम्याकडे.

"सर," ती म्हणाली, "जीपच्या इंजिनात पाणी गेलं तर कार्यालयात लेखी कारण द्यावं लागेल. तुमच्या सहीने कागदावर आहे, की इथे भरती येत नाही. मग सरकारी गाडी पाण्यात गेली कशी? तुम्ही खाडीत नेलीत?"

तळेकरांनी जीपकडे पाहिलं. पाणी टायरांपर्यंत पोचलं होतं.

"वेळ तुमची होती," ते दात आवळून म्हणाले. "चूक तुमची. लेखी द्या, तरच मी कागद बदलतो. आणि प्रत संचालकांना जाईल, सांगून ठेवतो."

इंदुबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. नऊवारीचा काष्टा ओला झाला होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. क्षितिजाला तीस तारीख आठवली. मग बोंबील आठवले. दोन्ही एका वेळी आठवायला नको होतं.

तिने दगडूच्या कानामागचं पेन ओढून घेतलं. पंचनाम्यातली ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'पत्रातील वेळ अपोलो बंदराची असून येथील भरती पाऊण तास उशिरा होते. चूक माझी.' नाव घातलं, हुद्दा घातला आणि घातलाच आहे तर म्हणून पीएचडीसुद्धा घातली.

एक वाजून चोवीस मिनिटांनी दगडूने खळ्यात सोडलेली काडी जीपच्या मागच्या चाकापाशी आली, हेलकावली आणि थांबली.

"आता उभा राहिला," दगडू म्हणाला आणि त्याने पेन परत मागून सही केली.

रेषेची खूण म्हणून आणलेल्या खुंट्या मघाशीच वाहून गेल्या होत्या. तेव्हा तळेकरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'भरतीरेषा, जीपच्या मागील डाव्या चाकाचा मध्य.' लिहून झाल्यावर त्यांना त्याचा अर्थ कळला. भूमापक येऊन मोजेपर्यंत आता गाडी तसूभरही हलवता येणार नव्हती, आणि भूमापक यायचा होता थेट सोमवारी सकाळी.

विठू बडीशेप चघळत आला तेव्हा साहेब बूट हातात घेऊन रिक्षा शोधायला निघाले होते. "हलवायची नाही!" ते लांबूनच ओरडले.

पाणी उतरू लागलं. क्षितिजा खांबावरची मापपट्टी सोडवत होती. इंदुबाई जवळ आल्या.

"नोकरी जाल काय गो तुजी?"

"तीस तारखेला कळेल."

इंदुबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांनी बोंबील वाळवायचा एक बांबू उचलला, त्याचं एक टोक भेंडीच्या फांदीत अडकवलं, दुसरं जीपच्या टपावर टेकवलं आणि जोर देऊन पाहिला.

"सोमवारपर्यंत हाय ना ही इथंच?" त्यांनी विठूला विचारलं.